फेस न धरणारं पाणी

निवृत्तीनं धोंडीनानाच्या हातातली वाटी घेतली, तिच्यातलं पाणी वाळूवर ओतून दिलं आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, "उष्टं पाणी कशाला त्याला? ताजं आणतो."

आम्ही नदीच्या पात्रात बसलो होतो. नदी आपली म्हणायची. त्या साली तिच्यात चिमणीला चोच बुडवायला पाणी नव्हतं, नुसती वाळू. वाळूत खड्डा खणून झिरा केलेला होता आणि त्यात पाझरून येईल तेवढ्या पाण्यावर गावाचे दहावे-बारावे चालले होते. त्या दिवशी आमच्या वडलांचा दहावा होता. वडलांना सगळं गाव दादा म्हणायचं, म्हणून त्यांची पोरंही दादाच म्हणायची. मीही म्हणायचो, पण चारचौघांत म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

निवृत्ती थोरला आणि विलास त्याच्या पाठचा. दोघांची डोकी, दाढ्या, मिशा उतरून झाल्या होत्या. धोंडीनाना म्हणजे गावचा म्हातारा न्हावी. त्यानं झिऱ्याच्या पाण्यात ब्रश बुडवून साबणावर फिरवला की वाटी फेसानं भरून यायची, आणि तो फेस डोक्यावर बसला की वस्तरा सरसर खाली उतरायचा. विलास तर डोळे मिटून बसला होता, चांगली डुलकी लागली होती त्याला. आता पाळी माझी होती. मी सगळ्यांत धाकटा, आणि दुसरीच्या पोटचा.

झिरा हाताशी होता. निवृत्ती तिकडं गेलाच नाही. तो दरड चढून वर देवळापाशी गेला, तिथल्या हापशाचा दांडा त्यानं स्वतः मारला आणि तांब्या भरून खाली आला. दरडीवर दहाव्याला आलेली माणसं बसली होती, ती बघत होती. थोरला भाऊ ताज्या मुंडल्या डोक्यानं, उन्हातनं, माळावरच्या बाईच्या पोरासाठी पाणी आणतोय. कुणीतरी "मन मोठं हाय बाबा" असंसुद्धा म्हणालं. मी त्या तांब्याकडं बघितलं.

ते पाणी ओळखायला मला कुणी शिकवायला नको होतं. त्याच्यावरच मी वाढलो. आमच्या माळावरच्या बोअरला तेच पाणी आणि देवळाच्या हापशालाही तेच, एकाच खडकातलं. दिसायला काचेसारखं स्वच्छ, पण जड. त्यात डाळ शिजत ठेवा, दुपार कलेल, डाळ आपली तशीच. हंड्याला आतून पांढरी खपली धरायची, ती खिळ्यानं खरवडावी लागायची. आणि साबणाचं तर त्या पाण्याशी हाडवैरच. किती घासा, फेस म्हणून यायचा नाही. साबणाचा नुसता चिकट मळ व्हायचा, नासलेल्या दुधासारखा, आणि तो कातडीला धरून बसायचा. खालचा केस कोरडाच. त्याच्यावरनं पातं फिरवलं की ते घसरत नाही, अडकत अडकत, ओढत जातं. आता डब्यातला फेस विकत मिळतो, कसलंही पाणी असू दे. तेव्हा असलं काही नव्हतं. दादा माळावर राहायला यायचे तेव्हा दाढीपुरतं पाणी गावातनं बाटलीत भरून आणायचे. एकदा विसरले आणि बोअरच्या पाण्यानं दाढीला बसले. नंतर गाल चोळत मला म्हणाले, ही दाढी केली का कोंबडी सोलली रे? आई पदर तोंडाला लावून हसली होती. ती हसली असं मला फारसं आठवत नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

आता दादांचं आणि आईचं काय होतं ते सांगून टाकतो. आईचं नाव हौसा. लहानपणीच कपाळ पांढरं झालेलं, माहेरी कुणी नाही, दादांच्या शेतात भांगलणीला यायची. दादांनी तिला लांबच्या कुठल्या देवाच्या पायरीवर नेऊन तिच्याशी पाट लावला, असं ती सांगायची. साक्षीला एक पुजारी होता, तो मरून गेला. मग उरला तिचा शब्द आणि दादांचा शब्द. दादांनी तिला माळावर खोली बांधून दिली, बोअर मारून दिली, शाळेत माझ्या नावापुढं स्वतःचं नाव लावलं. पण गावातल्या घराचा उंबरा तिनं कधी ओलांडला नाही आणि मीही नाही. तोंडावर गाव तिला हौसाबाई म्हणायचं. पाठीमागं काय म्हणायचं ते मला शाळेतल्या पोरांनी शिकवलं, व्याकरणाच्या आधी.

दादा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी गावातली चार मोठी माणसं उशाशी बोलावून घेतली आणि सगळ्यांदेखत सांगितलं, माझा पिंड तिघांनी द्यायचा. एवढंच. जमिनीचं बोलले नाहीत, खोलीचं बोलले नाहीत. ज्या माणसानं जन्मात कुणापुढं हात पसरला नाही त्यानं हे एक मागितलं. कारण आमच्याकडं पिंड देईल तो लेक. नदीत बसून डोकं उतरवलं, पिंड ठेवला, की तू कुणाचा म्हणून पुन्हा कुणी विचारायचं नाही. आणि पोरगा लेक ठरला की त्याची आई बायको ठरते, तिला वेगळं काही करावं लागत नाही. सगळा जन्म माळावर काढलेल्या बाईला जाता जाता एवढं द्यायचं दादांनी ठरवलं होतं.

आईला बाकी कशाचीच हाव नव्हती. दादा गेले तेव्हा तिला तोंड बघायलासुद्धा कुणी बोलावलं नाही. ती माळावर बसून राहिली. रडलीसुद्धा नाही मोठ्यानं. कुणी ऐकलं तर म्हणेल, हिचा काय संबंध. मी तिच्यावर चिडलो. म्हणालो, पिंड देऊन काय पोट भरणार आहे का आपलं? तिथं जाऊन चार माणसांत अपमान करून घ्यायचा कशाला? तिनं चुलीपुढनं मान वर केली.

"महिपती," ती म्हणाली, "मी त्येंची बायको हाय का ठेवलेली, येवढं मला मरायच्या आधी कळू दे."

मी उठलो. गप कपडे घातले आणि गावात गेलो.

दादांच्या माघारी घराचा कारभार आप्पांकडं आला होता. आप्पा म्हणजे दादांचे धाकटे भाऊ. बोलायला गूळ आणि करायला कात्री, असा माणूस. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. काय बोलायचं, कुणाचं नाव घ्यायचं, सगळं वाटेत घोकत गेलो. आप्पांनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. निवृत्ती खांबाला टेकून बसला होता, तो माझ्याकडं टक लावून बघत राहिला. पायापासनं डोक्यापर्यंत. बाजारात जनावर बघतात तसं. मी दहाव्याचं बोललो तर आप्पा लगेच म्हणाले, ये की, बस की, दादाचा शब्द आहे, तो मोडायला आम्ही कोण? निवृत्तीही म्हणाला, सकाळी लवकर ये. झालं. एवढ्यावर सगळं मिटलं. मी येडा आनंदानं माळावर पळत आलो आणि आईला सांगितलं. तिनं ठेवणीतलं लुगडं काढून धुतलं आणि काटक्यांच्या कुपाटीवर वाळत घातलं.

दहाव्याच्या सकाळी घरातल्या बायका झिऱ्याच्या अलीकडं बसल्या होत्या. आईला तिकडं या असं कुणी म्हणालं नाही, म्हणून ती पलीकडच्या काठावर करंजाखाली थांबली. मी लांबनंच बघते म्हणाली. तू बसलास की झालं.

तर मी बसलो होतो, आणि धोंडीनानानं हापशाचं पाणी वाटीत घेतलं. ब्रश बुडवला, साबणावर फिरवला. पुन्हा बुडवला, पुन्हा फिरवला. वाटीत काही नाही. तळाला मळकट पांढरा चोथा तेवढा जमला. त्यानं तो बोटानं चाचपला आणि निवृत्तीकडं बघितलं.

"हापशाचं आणलं व्हय हे? ह्यात फेस धरत न्हाई, मालक. वस्तरा अडकंल."

"अडकू दे," निवृत्ती म्हणाला. "त्याला सवय हाय. जन्म त्याच पाण्यावर गेलाय त्याचा."

दरडीवर हशा पिकला. आप्पाही हसले. धोंडीनाना हसला नाही. माझे केस ओले करायच्या निमित्तानं तो माझ्या कानाशी वाकला आणि पुटपुटला, "पोरा, पाणी बदलून माग. मी म्हणालो तर कोण ऐकायचं न्हाई. तू माग."

"नको," मी म्हणालो. "करा तुम्ही."

मला वाटलं, यांचा डाव मी ओळखलाय. चार मोठ्या माणसांदेखत दिलेला दादांचा शब्द यांना मोडता येत नाही. मग मीच उठून जावं म्हणून ही सगळी तयारी. डोकं सोलवटलं, मी अर्ध्यात ओरडून उठलो, की यांचं काम झालं. अर्ध्या डोक्यानं पळालेल्याला लेक कोण म्हणणार? आणि पाणी बदलून मागितलं तर जन्मभर ऐकवतील, दादाचा लेक म्हणवतोय आणि वस्तऱ्याला भ्याला. तेव्हा बसून राहायचं. हूं नाही की चूं नाही. माझ्या हातात तेवढंच होतं आणि तेवढं मला चांगलं जमत होतं.

वस्तरा टाळूवर टेकला. पहिल्या ओढीलाच कर्र आवाज आला आणि दरडीवरची माणसं बोलायची थांबली. माझे केस मुळात राठ, त्यात जन्मभर जड पाण्यानं धुतलेले, काथ्यासारखे झालेले. साबणाचा मळ वर बसलेला, खाली केस ताठ उभे. वस्तरा थोडा जायचा, अडकायचा, नाना हाताला जोर द्यायचा, मग तो एकदम सुटून पुढं जायचा आणि जाताना कातडीचा तुकडा घेऊन जायचा. नाना प्रत्येक ओढीनंतर पातं पुसत होता, चामड्यावर घासत होता. त्याचा दोष नव्हता. त्याचा हात गावात नावाजलेला, पण वस्तऱ्याला घसरायला खाली काहीतरी लागतं की नाही?

कपाळावरनं ओघळ आला, तो भुवईत थांबला. दुसरा कानामागनं मानेवर गेला. मी मांडीवर हात ठेवून ताठ बसलो होतो. वाळूवर थेंब पडत होते आणि पडल्या पडल्या आत जिरत होते. निवृत्ती माझ्या समोर उकिडवा बसला होता. तो आता हसत नव्हता. कुठं कुठं लागतंय, किती लागतंय, ते नीट निरखून बघत होता. मला वाटलं, हा माझ्या डोळ्यांत पाणी यायची वाट बघतोय. मी त्याच्याकडं बघून हसलो. होय, हसलो मी त्याच्या तोंडावर.

मागच्या बाजूला एक लांब चीर गेली तेव्हा नानानं पेटीतनं तुरटीचा खडा काढला. आप्पा म्हणाले, राहू दे नाना, दुखवट्यात कसले लाड. नानानं खडा हातात धरून ठेवला, मग पेटीत टाकला.

मिशीला फार त्रास झाला. वरच्या ओठाची कातडी पातळ, आणि दादांसारखी माझी मिशी दाट. तिथं नाना थांबला, पातं उगाच पुसत राहिला. मी नजर उचलून पलीकडच्या काठाकडं बघितलं. आई कपाळावर हात धरून बघत होती. एवढ्या लांबनं तिला काय दिसत असणार? पोरगा बसलाय, एवढंच. मी आणखी ताठ बसलो आणि नानाला म्हणालो, थांबू नका.

झालं एकदाचं. मी उठलो. दरडीवरचा एक म्हातारा म्हणाला, "बसला गड्या." त्याच्या आवाजात कौतुक होतं, मला ते ऐकू आलं. माझं डोकं पेटलं होतं, ओठ सुजला होता, पण आत नुसता पोळा फुटला होता. पुढं मला वीज मंडळात नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली. खरं सांगतो, त्या दिवशी नदीत झाला तेवढा आनंद मला त्यानंतर कधीच झाला नाही. मी झिऱ्यावर जाऊन अंगावर पाणी घेतलं आणि ओल्या पंचानं येऊन त्या दोघांच्या शेजारी बसलो.

क्रिया सांगायला आलेल्या जोशीकाकांनी पत्रावळीवर भात काढून ठेवला होता, पिंड वळून ठेवले होते. निवृत्तीच्या बोटात त्यांनी दर्भाचं पवित्रक घातलं, विलासच्या घातलं. मी हात पुढं केला.

तेव्हा आप्पा बोलले. आवाज अगदी काळजीचा. "काका, जरा थांबा. ह्या पोराचं रगात वाहतंय हो. चालतंय का असं?"

जोशीकाकांनी माझ्याकडं बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. बिचारे खोटं बोलणारे नव्हते, आणि तेच वाईट झालं.

"नाही चालत," ते म्हणाले. "अंगातून रक्त वाहत असताना पिंड देता येत नाही. थांबू दे, अंघोळ करू दे, मग बसेल."

आप्पांनी वर सूर्याकडं बघितलं. ऊन डोक्यावर यायच्या आत पिंड ठेवायचे असतात, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, सांगायची गरजच नव्हती. दरडीवरच्या झाडून सगळ्या माणसांनी माना हलवल्या. सगळ्यांना माहीत होतं. लहान पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, रक्त निघालेल्याच्या हातचा पिंड चालत नाही. मलाच ठाऊक नव्हतं, कारण आजवर कुठल्या दहाव्याला मला कुणी बोलावलंच नव्हतं.

मी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर दाबून धरला. म्हणालो, आत्ता थांबेल, थोडा वेळ द्या. टॉवेल लाल होत गेला. ओल्या डोक्याचं रक्त, ते कसलं थांबतंय. मी नानाकडं तुरटी मागितली. आप्पा म्हणाले, तुरटीनं अडवलं म्हणून रक्त आलंच नाही असं थोडंच होतं? मग मी त्या चार मोठ्या माणसांकडं बघितलं. दादांचा शब्द त्यांच्यापाशी होता. त्यांतला एकजण खाली बघत म्हणाला, शब्द आम्ही पाळला, पोराला मानानं बसवलं, आता देवाच्याच मनात नाही त्याला आपण काय करणार? बाकीच्यांना ते पटलं. त्यांना सुटल्यासारखं झालं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"ऊठ," निवृत्ती म्हणाला आणि त्यानं माझ्या दंडाला धरलं. "सावलीला बस जरा. लई लागलंय तुला."

मी त्याचा हात झटकला. मी उठत नाही म्हणालो, मी देणार, मला सांगितलंय दादांनी. आणि हात लांब करून पिंड उचलायला वाकलो. वाकलो तसा माझ्या कपाळावरचा ओघळ सुटला आणि त्याचा थेंब पत्रावळीवरच्या भातात पडला.

एकदम गलका झाला. इतका वेळ जी माणसं माझ्या बाजूची नव्हती आणि त्यांच्याही बाजूची नव्हती, ती दरड उतरून धावत खाली आली. बाटवलं म्हणाले. दादांच्या तोंडचा घास बाटवला. मघाशी माझं कौतुक करणारा म्हातारा सगळ्यांत पुढं होता, त्यानंच मला बगलेत धरून मागं ओढलं. काकांनी घाईघाईनं दुसरी पत्रावळ मांडली, पातेल्यातला उरलेला भात घेऊन पिंड नव्यानं वळले. दोघांनी ते दिले. माझ्यापुढं माणसांच्या पाठींची भिंत होती, मला दिसलंसुद्धा नाही. आणि पिंड ठेवल्या ठेवल्या कावळा शिवला. लोक म्हणाले, बघा, दादांची काही इच्छा राहिली नव्हती.

मी कडेला वाळूत बसलो होतो. विलास हात धुवायला माझ्या बाजूनं गेला आणि परत येताना माझ्यापाशी थांबला. शेजारी बसला. त्याला माझी कीव आली होती की मजा वाटत होती ते मला आजही सांगता यायचं नाही.

"महिपती, येक इचारू?" तो म्हणाला. "पाणी बदलून का न्हाई मागितलंस?"

मी टॉवेलची घडी बदलली.

"मागितलं असतंस तर द्यावं लागलं असतं आमाला. येवढी माणसं बसल्याली. झिऱ्याचं पाणी असतं तर येक वरखडा उठला नसता तुला." त्यानं हाताला चिकटलेले तीळ काढले. "मी म्हणालो हुतो थोरल्याला, ते पोरगं पाणी मागंल आन् आपलं हसं हुईल. तर थोरला म्हणाला, मागायचा न्हाई. मरंल पण मागायचा न्हाई. दादांचं रगात हाय ते."

एवढं बोलून तो उठून गेला. म्हणजे त्या दिवशी ओसरीवर खांबाला टेकून निवृत्ती माझ्याकडं बघत होता तो हेच बघत होता. अख्ख्या गावात मी दादांचा लेक आहे याची पक्की खात्री असलेला माणूस एकच, आणि तो निवृत्ती. तेवढ्या खात्रीवर त्यानं माझं लेकपण काढून घेतलं. मला राग यायला हवा होता. राग नंतर आला, तो अजून गेलेला नाही. त्या वेळी मी नुसता बसून होतो आणि माशा डोक्यावर बसत होत्या.

तेवढ्यात मला आई दिसली. ती पलीकडचा काठ उतरून पात्रात आली होती. मी उठलो, तिच्याकडं जायला लागलो, पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती लगबगीनं बायकांकडं निघाली होती. करंजाखालनं तिला काय दिसलं असेल ते माझ्या ध्यानात आलं आणि मी तिथंच थांबलो. तिघं ओळीनं बसलेले दिसले. तिघांची डोकी उतरलेली दिसली. मग गर्दी पुढं सरकली आणि त्यातनं कावळा पिंड घेऊन उडाला. तिच्या लेखी सगळं पार पडलं होतं.

झिऱ्याच्या कडेला धुण्याचा दगड होता. आई त्याच्यापुढं बसली आणि तिनं दोन्ही मनगटं दगडावर आपटली. एकदा, आणि उरलेल्या बांगड्या फुटेनात म्हणून पुन्हा. हिरव्या काचा वाळूत उडाल्या. मग तिनं तळहातानं कपाळ पुसलं आणि मोठ्यानं गळा काढला. दादा गेल्यापासनं अडवून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. दादांचं नाव घेऊन, चारचौघांत, गाव ऐकत असताना ती रडत होती. रडत रडतच उठली आणि जिथं गोजराबाई बसली होती तिथं जाऊन तिच्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लावून बसली. गोजराबाई म्हणजे निवृत्ती-विलासची आई, दादांची लग्नाची बायको. तिच्या बांगड्या बायकांनी सकाळीच उतरवल्या होत्या.

गोजराबाईनं मान वळवून आईच्या उघड्या मनगटांकडं बघितलं. एका मनगटाला खरचटलं होतं. ती चिडली नाही की तिनं आवाज चढवला नाही. शेजारणीला विचारावं तसं विचारलं.

"बांगड्या कशाला फोडल्यास गं, हौसा? तुझं कोण मेलं?"

आईचं रडणं थांबलं. तिनं आधी गोजराबाईकडं बघितलं. मग निवृत्तीकडं, विलासकडं. त्यांच्या बोटांत दर्भ होता, हाताला भात आणि तीळ चिकटलेले होते. मग तिनं मला शोधलं. मी लाल टॉवेल डोक्याला धरून पात्राच्या मध्यावर उभा होतो. माझ्या दोन्ही हातांकडं तिनं बराच वेळ बघितलं.

"कुणी न्हाई, आक्का," ती म्हणाली.

मग ती उठून धुण्याच्या दगडापाशी गेली आणि खाली बसून काचा वेचून ओट्यात टाकायला लागली. बायका अनवाणी होत्या, कुणाच्या पायात जायला नको म्हणून.